पेशंट कोण?

दवाखान्यात बाळाला थोपटत बसलेल्या तिच्या कानावर शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं पडत होतं.

“डॉक्टर तीन शब्द विचारतील. दिवा, चमचा, कुलूप. म्हणा बघू.”

“दिवा, चमचा... पुढचं काय गं?”

“कुलूप! कसं व्हायचं तुमचं? काल माझा चष्मा फ्रिजमध्ये ठेवलात!”

“चुकलं गं.”

“आणि दार नीट लावलंत ना?”

“लावलं.”

“मग म्हणा परत.”

“आता तू म्हण.”

“दिवा, चमचा... अहो, दार लावलंत ना?”

“लावलं गं.” आजोबांनी आजींचा हात हातात घेतला.

नर्स बाहेर आली. “आजी, चला, तुमचा नंबर.”

“माझा? अहो, पेशंट हे आहेत!”

“मीच आहे,” आजोबा घाईघाईनं उठले. “पण मला एकट्याला भीती वाटते. तू पुढे हो.”