एक फुल, एक हाफ

एसटीत तिकीट काढताना गोंधळायला मी काही नवखा नाही. पाळक म्हणून खानदेशभर हिंडतो, आणि माझी बायको एलिझा नेहमी सोबत असायची. ती जाऊन महिना झाला होता. कोणाच्या तरी दफनविधीसाठी अमळनेरहून धुळ्याला निघालो. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती. कंडक्टर आला तसं सवयीने तोंडातून निघालं, “धुळे. एक फुल, एक हाफ.” बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी तसंच मागायचो.

त्याने दोन्ही तिकिटं हातात ठेवली. “पास्टर, बाई कुठे राहिल्या?”

लोकांच्या दुःखात मला बोलायला शब्द सापडतात. इथे मी तिकिटांची घडी घालत बसलो.

तेवढ्यात उभ्या असलेल्या एका म्हातारीने पिशवीकडे बोट केलं. “भाऊ, आठे कोणी बसेल शे का?”

“नाही, अक्का. कोणी नाही.” महिन्याभरात हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. पिशवी मांडीवर घेतली.

कंडक्टरला कळलं. हळूच म्हणाला, “मग हाफ यांचं धरू या.”

“माले कसानं तिकीट?” म्हातारी बसत म्हणाली. “मी पंच्याहत्तर पार शे. माले फुकट शे.”

मग ते तिकीट धुळ्यापर्यंत एलिझाचंच राहिलं.