डॉक्टर कसं काय म्हणला आन् मी बरंय म्हणले

माझं माहेर फुलंब्रीकडचं, लगीन होऊन इकडं वाळूजला आले. सासू येईल-जाईल त्याला सांगायची, मोठी सून कामाची, धाकली देखणी. ती धाकली म्हणजे शोभा, माझी जाऊ. तवापासून पोटात जळतं ते जळतंच, खोटं कशाला बोलू तुमच्यापशी.

आम्ही दोघी एकाच कंपनीत, पत्र्याचे पार्ट उचलून मशीनवर चढवायचे. आधी तिची कंबर धरली, मंग माझा खांदा. कंपनीनं दोघींला डॉक्टरकडं धाडलं, त्यो लिहून देईल तसं काम. हलकं काम म्हणजे बसून पार्ट पुसायचे न् खोक्यात भरायचे. शोभा आत गेली, कण्हली, रडली, हलकं काम लिहून घेऊन आली. मंग मी गेले. डॉक्टर म्हणला काय मावशी, कसं काय, आन् माझ्या तोंडातून निघूनच गेलं, बरंय. आता काय सांगू तुम्हाला, कुणी कसं काय म्हणलं की आपण बरंयच म्हणतो ना वो, तापानं फणफणलेलं माणूस बी बरंयच म्हणतं. हात वर करा म्हणला, म्या दात खाऊन केला, परक्यापुढं कुठं रडायचं. त्यानं लिहिलं, कामाला फिट.

मंग काय, मी मशीनवर आन् बाईसाहेब पंख्याखाली. तिचं हसणं ऐकू आलं की खांद्यापरीस काळीजच ठणकायचं. हिची कंबर दुखतच नसंल असं लई वाटायचं मला, नसावीच असं वाटायचं.

एक दिवस हातातून पार्ट सुटला, पायावर पडता पडता वाचले. सायबानं परत डॉक्टरकडं धाडलं. शोभा न बोलावता संगं आली. डॉक्टर म्हणला कसं काय मावशी, मी म्हणले बरं... तेवढ्यात शोभा मधीच बोलली, डॉक्टर, अक्का सांगायची नाय. तिचा हात डोक्यापस्तोर जात नाय, रोज सकाळी तिची वेणी मी घालते.

डॉक्टर खुर्चीवरून उठला, माझा हात धरून सावकाश वर न्यायला लागला, आन् मी वरडले. तवा कुठं हलकं काम भेटलं.

आता दोघी शेजारी बसून खोके भरतो. देव तिचं भलं करो, रोज म्हणते. पण दुखणं माझं होतं वो, ते बी तिनं सांगितलं तवाच खरं झालं.