बापटबाईंचा जास्तीचा रकाना

भुईमुगाच्या शेंगा पुढ्यात आल्या की मला बापटबाई आठवतात. वारज्याच्या संशोधनाच्या मळ्यावर मी मजूर होतो, तेव्हाची गोष्ट. बाई नारायण पेठेतल्या. पदवीसाठी भुईमुगाची झाडं मोजायच्या: उंची, फांद्या, शेंगा. शेंगा नेमक्या कशामुळे वाढतात, ते त्यांना शोधायचं होतं.

मी आपला बांधावर बसून बोटांनी माती उकरायचो, शेंगा खुडून खायचो आणि माती परत थापायचो. झाड जसंच्या तसं उभं!

काढणीला बाई रडकुंडीला आल्या. "अहो धोंडिबा, एवढी उंच झाडं, एवढ्या फांद्या आणि खाली चारच शेंगा? माझी पदवी गेली हो!"

मला हसू आवरेना. बाईंनी माझ्या नखांतली माती पाहिली आणि वहीत एक रकाना वाढवला. तासाभराने म्हणाल्या, "सापडलं. उंची नाही, फांद्या नाहीत. झाड तुमच्यापासून जितकं लांब, तितक्या शेंगा जास्त."

बांधाकडच्या ओळी वगळून त्यांना पदवी मिळाली. मळ्यावर पेढे वाटायला आल्या, तेव्हा मीही हात पुढे केला.

"थांबा," बाई म्हणाल्या, "तिथूनच झेला."