कायद्याने केलेला विचार

...आणि वर मालक मलाच म्हणतो, "जोलीन, मनाला लावून घेऊ नकोस." मनाला नाही तर काय, साबणाला लावून घेऊ? बावीस वर्षं मी त्या कारखान्यात साबण कागदात गुंडाळले, तुम्हाला सांगते, मी कांदा चिरला तरी त्याला लॅव्हेंडरचा वास येतो, नवरा जेवताना तोंड वाकडं करतो... ते जाऊ दे.

एनिडबाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बकरीच्या दुधाचा साबण सुरू केला, तेव्हा कसला कायदा नि कसलं काय. म्हातारपणी त्यांनी धंदा विकला तो या वेस्लीला. बॉस्टनचा माणूस, अंगात बिनबाह्यांचं लोकरी जाकीट, आणि आमच्या व्हरमाँटच्या थंडीत पायात मोजे नाहीत! आल्या आल्या आम्हाला उभं केलं नि म्हणाला, "आजपासून आपली कंपनी साधी नाही. नफा कमवायचा, पण कामगार, गाव, नदी, सगळ्यांचं भलंही बघायचं. तसं सरकारदरबारी लिहूनच दिलंय."

भलं, आणि तेही कायद्याने, बरं का.

मग सुरू झालं आमचं भलं. कागदी पेले बंद, ज्याने त्याने घरून कप आणायचा, हे नदीचं भलं. दर बुधवारी एक बकरी यायची, तिला मिठी मारायची, हे आमच्या मनाचं भलं. त्या बकरीने माझ्या शेजारी काम करणाऱ्या रनेचा डबा खाल्ला, भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता खाल्ला, आणि वर्षाच्या अहवालात छापून आलं, 'कामगारांचं मानसिक आरोग्य सुधारलं.' आता बकरीचं सुधारलं असेल, मी नाही म्हणत नाही. अहवालावर फोटो माझा. फोटोवाला म्हणतो, "बाई, जरा अजून समाधानी हसा." तशीही हसले. कायद्याने, बरं का.

आणि या फेब्रुवारीत वेस्लीने सांगितलं, साबण गुंडाळायचं खातं टेनेसीला चाललं. तिथे यंत्र आहे. आम्ही चौदा बायका घरी. का? तर म्हणे, "मोठी गिऱ्हाइकं तिकडेच आहेत, ट्रकांच्या फेऱ्या वाचतील, धूर कमी होईल. शेवटी पृथ्वीचं भलंच आहे हे." पृथ्वी! पृथ्वीने कधी साबण गुंडाळलाय?

गेले मी वाचनालयात. तिथे शनिवारी एक वकील फुकट सल्ला द्यायला बसतो. म्हटलं, "यांनी आमचा विचार करायचा असं कायद्यात आहे ना? नाही केला, लावा दावा." तो म्हणाला, "तुम्हाला नाही लावता येत. भागधारकाला येतो." म्हणजे ऐका हं, दाढ दुखणार आमची, आणि 'आई गं' म्हणणार कोण, तर शेजारी. कायद्याने, बरं का.

पण एनिडबाईंनी धंदा विकताना कंपनीचे थोडे भाग स्वतःकडे ठेवले होते. शहाऐंशी वर्षांच्या बाई. वृद्धाश्रमातून त्यांना माझ्या पिकअपमध्ये बसवलं, मांडीवर घोंगडी टाकली आणि नेलं भागधारकांच्या सभेला. बाईंनी काठी आपटली नि विचारलं, "या पोरींचा विचार केलात का?"

वेस्ली गोड हसला. "केला ना, एनिड. संचालकांच्या बैठकीत नोंद आहे." आणि वाचून दाखवलं, "कामगारांवरील परिणामांचा विचार, दहा वाजून वीस मिनिटं ते दहा एकतीस."

"मग काय ठरलं?"

"विचार झाला, असं ठरलं."

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "भांडून बघता येईल, पण हाती काही लागेल असं वाटत नाही. कायदा विचार करा म्हणतो, थांबा म्हणत नाही."

परत येताना एनिडबाई खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या. पुलापाशी गाडी आली तेव्हा हळूच म्हणाल्या, "जोलीन, मी धंदा विकला ना, तेव्हा तुमचं काय होईल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं गं."

घोंगडी घसरली होती ती त्यांच्या पायावर नीट केली आणि गाडी चालवत राहिले. आता तुम्हीच सांगा, चिडायचं तरी कोणावर... बावीस वर्षांत आमचा सगळ्यात जास्त विचार केला तो वेस्लीनेच. चौदा जणींचा मिळून अकरा मिनिटं.