बाळूचा रुमाल जुन्नरला गेला

रुमालानं जागा धरायची सवय आमच्या बाळूला लई महागात पडली बघा. जुन्नरला मुलगी बघायला जायचं व्हतं, जीव थाऱ्यावर नव्हता. ओतूर स्टँडवर यष्टी लागली, तसा त्यानं खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि खालीच माझ्याशी एका सिनेमावरून हुज्जत घालत राहिला.

"ओरिजनलमधी हाणामारी व्हती. रिमेकमधी हिरो नुसता पळतोय. त्याला ॲक्शन म्हणत्यात व्हय?"

"पळणं ही पण ॲक्शनच की राव."

"अजाबात न्हाई."

तेवढ्यात गाडी रुमाल घेऊन निघाली. बाळू नव्या पांढऱ्या शर्टात पार फाट्यापर्यंत मागं पळाला आणि धापा टाकत परत आला.

मी विचारलं, "मग, ही ॲक्शन का न्हाई?"

"अजून एक शब्द बोल, हाणामारी पण दाखवतो."