इथे मराठी कुणाला कळतंय

राजा पार्क भागातल्या क्लिनिकमध्ये मी तासभर बसलो होतो. समोर नणंद-भावजय मराठीत मोकळेपणाने बोलत होत्या.

“कौमुदी, हळू बोल.”

“इथे मराठी कुणाला कळतंय, वहिनी? उजवी बाजू राजा पार्कातच आहे, डावी पार शहराच्या टोकाला, जगतपुऱ्याला पोचलीये.”

“अगं, दोन वर्षांपूर्वीच तर छाती उचलून, इम्प्लांट घालून घेतलंस.”

“डावं सरकलं. डॉक्टरांना फोटो पाठवला, तर अंगठा आला. आता म्हणतात, पुन्हा कापू.”

“काढूनच टाक दोन्ही.”

“मग नुसती लोंबती कातडी उरेल. आणि तसंच ठेवलं तर दुखतं, पोरीला जवळ घेता येत नाही.”

“दर्शनराव काय म्हणतात?”

“म्हणाले, आधीच छान होतं.”

“मग हे आधी सांगायचं ना!”

“आधी बघत कुठे होते?”

“आता बघतात?”

“आता मीच दिवा लावू देत नाही.”

“कौमुदीजी, अंदर आइए, ऑपरेशन की तारीख ले लीजिए,” रिसेप्शनिस्टने हाक मारली.

“घेतेस तारीख?”

“घेते. दुसरं करू काय?”

उठता उठता तिची नजर माझ्यावर पडली.

“भैया, आप कब से बैठे हैं?”

“बस, अभी आया,” मी म्हणालो.