मी बकुळाबाई परभणीकर

(वाटूर. रामराव देशमुखांकडचं हळदीकुंकू आटोपून सासू गोजरबाई आणि सून उषा शेजारच्या विधवा साळूबाईच्या ओसरीवर आल्यात. साळूबाई जात्याशी.)

साळूबाई : ...हसल्या न्हवं समद्या? खरं सांगा, गोजरअक्का.

गोजरबाई : हसल्या. पण भर दिवेलागणीला जातं कामून धरलंस?

साळूबाई : मन लागंना. देशमुखीण द्वारकाबाई परवा आडावर म्हणलीच व्हती, हैदराबादेहून बाजा मागवलाय, माझ्या गाण्याचीच तबकडी आणलीय. साळूनं गावाला किती नकली माल खपवला ते आता कळंल म्हणे.

गोजरबाई : सरक जरा, बसू दे. देशमुखिणीच्या घरी गालिचा लय, पण मांडी घालाय जागा न्हाई. हां, तर लावली तिनं तबकडी. सुई करकरली, आन् आलं की गं तुझंच गाणं. 'थांब रे दिवसा, माझी वाट लांब.' शब्दाला शब्द बराबर.

साळूबाई : खरंच? मी तर भिंतीआडून ऐकल्यालं, अक्का. जालन्याला जिनवाल्या शेटकडं दळायला व्हते. शेटाणी आत बाजा लावायची, मी मागं पडवीत. जात्याच्या घरघरीतून जेवढं कानी आलं तेवढं घेतलं.

उषा : तिचा आवाज लय गोड हाय, मावशी.

गोजरबाई : गोड हाय, मी कुठं न्हाई म्हणते. आन् साळीचा गळा म्हंजी पत्र्यावर खडे. पण ती बाई दिवसाला थांब म्हणती आन् आपणच थांबत न्हाई. पळून राह्यली, जशी जालन्याची रेल्वे चुकती तिची. तू 'थांब रे दिवसा' म्हणून थांबतीस, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, मंग येती तुझी वाट.

साळूबाई : अवो, मी तर जात्यात मूठ टाकायला थांबते.

गोजरबाई : कशाला का थांबंनास. थांबतीस न्हवं?

साळूबाई : मंग हसल्या कशाला?

उषा : शेवटच्या ओळीला.

साळूबाई : 'मी बकुळाबाई परभणीकर'?

उषा : ती गाण्यातली ओळच न्हाई, मावशी. गाणं सरल्यावर ती बाई आपलं नाव सांगती. तबकडीत कोण गायलं ते लोकाला कळावं म्हणून.

साळूबाई : अगं माय. आन् मी गावभर...

गोजरबाई : गावभर. अख्ख्या वाटूरच्या बाया पहाटे जात्यावर बसून म्हणतात, मी बकुळाबाई परभणीकर. एकीचं नाव बकुळा न्हाई, एकीनं परभणी पाह्यली न्हाई. आमचे मालक तर इचारत व्हते, ही बकुळा कोणाघरची पाव्हणी, अजून कशी गेली न्हाई.

साळूबाई : मला वाटलं उखाण्यावानी असंल. नाव घेतल्याबिगर गाणं सरत नसंल.

गोजरबाई : मी तेच म्हणले. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून खिदळून राह्यली. म्हणती, बोलवायच्या न्हाईत अशा बायांकडून गाणी शिकलं की असंच व्हतं. म्हणलं, द्वारकाबाई, तुमच्या बाजाची चावी उतरली. आता माझ्या सुनेला ऐका.

साळूबाई : देशमुखाच्या वाड्यात गायला लावलं उषीला?

गोजरबाई : कामून? तिच्या तोंडाला काय कुलूप हाय?

उषा : डोळे मिटून जातं समोर आणलं. 'थांब रे दिवसा' म्हणले, आन् मनातल्या मनात मूठ टाकली.

गोजरबाई : आन् तिथं एक बांगडी वाजली न्हाई. कुंकवाचं बोट कपाळापाशी गेल्तं, तिथंच राह्यलं. द्वारकाबाईची सासू, तुळजाबाई, तीबी तुझ्यावानीच कुंकवाबिगर, म्हणून माजघरात बसवल्याली. ती काठी टेकत उंबऱ्यात आली. सुनेला म्हणली, तो बाजा झाक. आन् पोरी, तू पुन्यांदा म्हण.

साळूबाई : शेवटाला बकुळाबाई गाळली न्हवं?

उषा : गाळली.

साळूबाई : बरं केलंस. तिचं नाव तिच्यापाशी. गाणं तेवढं आपलं.

गोजरबाई : असं कसं? नाव घेतल्याबिगर गाणं सरतंय व्हय? सांग की गं, काय घेतलंस.

उषा : 'मी साळूबाई वाटूरकर.'

साळूबाई : ...हळदीकुंकवात?

गोजरबाई : बिलकुल हळदीकुंकवात. दुसऱ्यांदा तर समद्या संगं म्हणल्या. मी द्वारकाबाईच्या ओठाकडं बघून राह्यल्ते.

साळूबाई : आन्?

गोजरबाई : हालले.

साळूबाई : ...वाटूरकर चांगलं वाटतं का, अक्का?

गोजरबाई : परभणीकरापेक्षा बरं. आता डोळे पूस आन् मूठ टाक. कवापासून रिकामं जातं फिरवून राह्यलीस.